वासाने तण मरतं का? एका जुन्या वादाची गोष्ट

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.साठी विषय शोधणारे बरेच जण फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात. विषय साधारण असा असतो: 'अमुक वनस्पतीच्या सुगंधी तेलाचा तमुक तणाच्या उगवणीवर होणारा परिणाम'. खर्च कमी, साहित्य हाताशी. क्लेव्हेंजर उपकरणात पानं उकळायची, तेल गोळा करायचं, पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर बिया मांडायच्या, तेलाचे थेंब टाकायचे आणि सात दिवसांनी किती बिया उगवल्या ते मोजायचं. निकालही बहुतेक वेळा मनासारखा येतो. तेल वाढलं की उगवण घटते, आलेख सुरेख उतरतो. मग शेवटच्या परिच्छेदात ते ठरलेलं वाक्य: 'या तेलात नैसर्गिक तणनाशक म्हणून वापरण्याची क्षमता आहे.'

आज या वाक्याचा इतिहास सांगायचा आहे. कारण हे वाक्य तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच दमात दिल्यासारखं दाखवतं. या तेलाने बी मरतं का? शेतात किंवा रानात तसंच घडतं का? आणि मरतं तर नेमकं कशामुळे मरतं? या क्षेत्रातल्या मोठमोठ्या लोकांची दमछाक याच तीन प्रश्नांच्या मधल्या जागांमध्ये झाली आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. इंग्रजीतल्या 'इसेन्शियल ऑइल'मधल्या 'इसेन्शियल'चा 'आवश्यक' या अर्थाशी काही संबंध नाही. तो शब्द 'सत्त्व', 'अर्क' या अर्थाने आला आहे. निलगिरी, लवंग, गवती चहा, पुदिना यांच्या वासाची, उडून जाणारी तेलं ती ही. शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल यात येत नाही.

कॅलिफोर्नियातले उघडे पट्टे

एक वनस्पती दुसऱ्या वनस्पतीला रसायनांतून त्रास देते, ही कल्पना फार जुनी आहे. अक्रोडाच्या झाडाखाली इतर काही नीट वाढत नाही, असं रोमन काळातल्या प्लिनीनेही लिहून ठेवलंय. पण या प्रकाराला नाव मिळालं १९३७ साली. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी त्या वर्षीच्या पुस्तकात 'ॲलेलोपॅथी' हा शब्द वापरला. त्यांचे प्रयोग सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूवर होते. म्हणजे या शाखेचं बारसंच हवेतून पसरणाऱ्या पदार्थावर झालं म्हणायला हरकत नाही.

मोठी खळबळ मात्र १९६४ साली उडाली. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर साल्व्हिया ल्युकोफायला आणि आर्टेमिसिया कॅलिफोर्निका नावाची दोन वासाची झुडपं वाढतात. पहिलं आपल्या सब्जा-तुळशीच्या कुळातलं, दुसरं दवण्याच्या जातकुळीतलं. या झुडपांच्या पुंजक्यांभोवती एक-दोन मीटर रुंदीचा अगदी उघडा पट्टा दिसतो, तिथे गवताची काडीसुद्धा नसते. त्याच्या बाहेर खुरटलेल्या गवताचा पट्टा आणि त्याच्याही पुढे नेहमीचं गवताळ रान. विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये तर झुडपांभोवती कुणी चुन्याने रेघ ओढावी तसा हा पट्टा दिसतो.

सांता बार्बराच्या विद्यापीठातले कॉर्नेलियस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं कारण शोधायला घेतलं. सावली? पट्टा झुडपाच्या सावलीच्या बाहेरही होता. मग त्यांनी पानांमधून उडणाऱ्या पदार्थांकडे मोर्चा वळवला. बंद भांड्यात पानं आणि अंकुरलेल्या बिया एकमेकांना न चिकटवता ठेवल्या, तरी काकडीच्या रोपांच्या मुळांची वाढ खुंटली. पानांमधल्या टर्पीन गटातल्या पदार्थांपैकी १,८-सिनिओल आणि कापूर हे दोन जास्त जहाल निघाले. १,८-सिनिओल म्हणजेच निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटक. सर्दी झाल्यावर रुमालावर थेंब टाकतो तो वास. 'सायन्स' नियतकालिकात हा निबंध आला आणि उघडा पट्टा ॲलेलोपॅथीचा जणू बोधचिन्हच झाला. पाठ्यपुस्तकांत त्याचे फोटो छापून आले.

आता इथे थांबून विचार करा. म्युलर यांच्याकडे काय काय होतं? रानात दिसणारी एक ठळक गोष्ट होती. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली एक विषारी वाफ होती. आणि या दोघांना जोडणारं एक अनुमान होतं. पहिल्या दोन गोष्टी पक्क्या होत्या. तिसरी पटण्यासारखी होती, पण ती रानात तपासलेली नव्हती.

ती १९७० साली ब्रूस बार्थोलोम्यू यांनी तपासली. तीही इतक्या साध्या साधनाने, की वाचताना आपल्याला हे का सुचलं नाही असं वाटावं. त्यांनी उघड्या पट्ट्यात तारेच्या जाळीचे पिंजरे ठोकले. जाळीतून हवा जाते, वास जातो, पाऊस जातो, फक्त उंदीर, ससे आणि पक्षी आत शिरू शकत नाहीत. वर्षभरात पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं. बाहेर पट्टा तसाच उघडा. झुडपं तीच, वास तोच, मातीही तीच! हे प्राणी शिकाऱ्यांच्या भीतीने झुडपांच्या आडोशाला राहतात आणि आडोशापासून फार लांब न जाता चरतात. पट्ट्याची रुंदी म्हणजे त्यांच्या धाडसाची मर्यादा.

हा निबंधही 'सायन्स'मध्येच आला. त्यानंतर वाद बराच चालला. म्युलर यांनी प्राण्यांचा विचारच केला नव्हता असं नाही. त्यांच्या मते प्राणी हे पुरेसं कारण नव्हतं. पुढे जॉन हार्पर यांच्यासारख्या ब्रिटिश परिस्थितिकी-तज्ज्ञांनी ॲलेलोपॅथीच्या पुराव्यांवर कडक टीका केली आणि काही काळ या विषयाकडे लोक जरा संशयानेच बघू लागले. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बार्थोलोम्यू यांनी सिनिओल विषारी नाही असं कुठेही दाखवलेलं नाही. ते विषारी आहेच. त्यांनी दाखवलं ते एवढंच, की गवत नसण्यासाठी त्या विषाची गरज नाही. 'अमुक पदार्थ मारू शकतो' आणि 'इथे अमुक पदार्थानेच मारलं' ही दोन वेगळी विधानं आहेत.

डिशमधली हवा आणि शेतातली हवा

पेट्री डिशमध्ये निकाल इतका हमखास का येतो, याचं एक साधं गणित आहे. नेहमीच्या ९ सेंटिमीटरच्या डिशमध्ये जेमतेम १०० मिलीलीटर हवा मावते. तुम्ही त्यात १० मायक्रोलीटर तेल टाकता. आकडा किती लहान वाटतो! पण हेच प्रमाण एक घनमीटर हवेला लावलं, तर १०० मिलीलीटर तेल होतं. एक एकर रानावरचा फक्त गुडघ्याएवढा, अर्धा मीटर उंचीचा हवेचा थर धरला तरी सुमारे २,००० घनमीटर हवा होते. त्या हिशेबाने २०० लीटर तेल लागेल, तेही वारा अजिबात सुटला नाही तर. शिवाय डिशला झाकण असतं आणि बहुतेक जण वरून पॅराफिल्मही गुंडाळतात. म्हणजे वाफेला पळायला जागाच नाही.

यातून डिशचा प्रयोग निरुपयोगी ठरत नाही. कुठलं तेल जास्त जहाल, त्यातला कुठला घटक काम करतो, हे त्याशिवाय कळणार नाही. पण ती पहिली चाळणी आहे. चाळणीतून खाली आलेल्याला पीठ म्हणायचं, भाकरी नाही.

फवारा मारला तर?

वाफेऐवजी तेल पाण्यात मिसळून थेट पानावर फवारलं तर? ही वाट जास्त व्यवहारी आहे आणि तिथे खरोखर चांगलं काम झालं आहे. १९९८ साली चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या कोहली, बतीश आणि सिंग यांनी निलगिरीच्या दोन जातींची तेलं गाजरगवतावर वापरून बघितली. १९५०च्या दशकात पुण्यात नोंद झाली आणि पुढे देशभर बोलबाला झाला तेच हे गाजरगवत, आपलं काँग्रेस गवत. तेलाने त्याची उगवण घटली, आणि वाढलेल्या झाडांतलं हरितद्रव्य आणि श्वसनही घटलं.

२००२ साली अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतल्या ट्वॉरकोस्की यांनी २५ तेलांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात लाल थाइम, समर सेव्हरी, दालचिनी आणि लवंग ही तेलं सगळ्यात जहाल ठरली. दालचिनीच्या तेलातला काम करणारा मुख्य घटक युजेनॉल निघाला. लवंगेच्या तेलाचाही मुख्य घटक तोच. काचघरात ५ ते १० टक्क्यांचे फवारे मारल्यावर तासाभरापासून दिवसभरात तणांची रोपं मेली. कारणही बऱ्यापैकी कळलं: तेल पेशींची पटलं फोडतं, आतले क्षार बाहेर गळतात आणि पान सुकून जातं.

पण याच कारणात मर्यादाही दडलेली आहे. तेल जिथे पडेल तिथेच जाळतं. ते झाडाच्या आत फिरून मुळापर्यंत जात नाही. कोवळं, बियांपासून उगवलेलं तण त्याने मरेल. पण हरळी, लव्हाळा, कुंदा यांची पानं जळाली तरी जमिनीखालचं सगळं शाबूत. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा कोंब. शिवाय तेलाला तण कुठलं आणि पीक कुठलं हे कळत नाही.

आणि मात्रा? ५ टक्क्यांचं द्रावण हेक्टरी ५०० लीटर फवारायचं धरलं, तर २५ लीटर निव्वळ तेल लागतं. निलगिरीच्या ओल्या पानांतून साधारण एक-दोन टक्के तेल निघतं असं धरलं, तर एका हेक्टरच्या एका फवारणीसाठी एक ते सव्वादोन टन पाला उकळावा लागेल. त्याचं सरपण आणि मजुरी वेगळीच. खुरपणीला बाया मिळत नाहीत म्हणून जो शेतकरी तणनाशकाकडे वळतो, त्याच्यासमोर हा हिशेब ठेवून बघा.

मग अमेरिकेत लवंग आणि दालचिनीच्या तेलाची तणनाशकं दुकानात कशी दिसतात? त्यामागे कायद्याचाही भाग आहे. १९९६ साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 'किमान धोक्या'च्या पदार्थांची एक यादी करून त्यांना नोंदणीतून सूट दिली आणि त्या यादीत ही तेलं आहेत. म्हणून एखादं उत्पादन बाजारात आहे एवढ्यावरून ते शेतात परिणामकारक असल्याचा पुरावा मिळत नाही. तुमच्या प्रस्तावनेत 'बाजारात अशी उत्पादनं उपलब्ध आहेत' असं लिहिताना हे ध्यानात असू द्या.

बॉटलब्रशची दंतकथा

'निसर्गापासून तणनाशक' या विषयावरच्या लेखांमध्ये एक गोष्ट हटकून येते. १९७७ साली कॅलिफोर्नियात स्टॉफर कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या लोकांच्या लक्षात आलं, की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी उगवतं. आपल्याकडे बागांमध्ये लाल ब्रशसारख्या फुलांचं असतं तेच झाड. शोध घेतल्यावर त्यामागे लेप्टोस्पर्मोन नावाचा पदार्थ सापडला. हाच पदार्थ न्यूझीलंडच्या मानुका झाडाच्या तेलातही असतो. त्याने तणाची पानं पांढरीफटक पडत, पण मात्रा फार जास्त लागे. १९८० साली त्याचं पेटंट झालं. आणि मग त्यातून २००१ साली मक्यासाठीचं 'मेसोट्रायोन' हे तणनाशक आलं, ज्याला हेक्टरी १००-१५० ग्रॅम पुरतात. गोष्ट संपली.

खरी गोष्ट थोडी वाकडी आहे. त्याच केंद्रातले दुसरे रसायनशास्त्रज्ञ १९८२च्या सुमारास वेगळ्याच प्रकारच्या तणनाशकावर काम करत होते. त्यात अनपेक्षितपणे तयार झालेल्या एका पदार्थापासून पुढची वाट निघाली. त्याची रचना लेप्टोस्पर्मोनशी जुळणारी होती, पण तो बॉटलब्रशकडे बघून बनवलेला नव्हता. दोन धागे नंतर एकत्र विणले गेले आणि सांगताना एकच सरळ धागा उरला. तुम्ही शोधनिबंधांच्या प्रस्तावना वाचाल तेव्हा असे सरळ केलेले धागे खूप दिसतील. शक्य असेल तेव्हा मूळ निबंधापर्यंत जा.

या रसायनांचं काम कसं चालतं हेही झाडांकडे बघून उलगडलं नाही. सुरक्षिततेच्या चाचण्यांमध्ये उंदरांच्या रक्तात टायरोसिन वाढलेलं दिसलं. त्यावरून एचपीपीडी हे एन्झाइम अडतं असा माग लागला. झाडात हेच एन्झाइम अडलं की पान पांढरं पडतं. याच कुटुंबातला निटिसिनोन हा पदार्थ पुढे टायरोसिनेमिया या आनुवंशिक आजाराच्या बाळांसाठी औषध ठरला. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९२ साली त्याचे पहिले निकाल जाहीर केले. तणनाशकाच्या प्रयोगशाळेतून बाळांचं औषध!

एक रेणू, तीन उत्तरं

आता पुन्हा सिनिओलकडे येऊ. १,८-सिनिओलचा एक भाऊ आहे, १,४-सिनिओल. त्याच्यावर बेताचा बदल करून, म्हणजे बेन्झिल ईथरची शेपटी जोडून, शेल कंपनीने १९८०च्या दशकात 'सिनमेथिलिन' हे तणनाशक आणलं. या शेपटीमुळे रेणू जड झाला आणि हवेत उडून जाणं कमी झालं. म्हणजे सुगंधी तेलाचं शेतात जे मुख्य दुखणं, त्यावरच हा इलाज. ते भातशेतीत वापरलं गेलं आणि पुढे मागे पडलं.

ते काम करतं हे शेतकऱ्यांनी पाहिलं होतं. कसं करतं, हे कुणाला माहीत नव्हतं. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उत्तर दिलं: हे रसायन झाडात तुटून सिनिओलचा एक प्रकार मोकळा होतो आणि तो ॲस्परॅजिन सिंथेटेज हे एन्झाइम अडवतो. उत्तर आकर्षक होतं, पण टिकलं नाही. २०१२ साली जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीतल्या गटाने दुसरं उत्तर दिलं: टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज. त्यालाही काही आधार होता. २०१८ साली बीएएसएफच्याच संशोधकांनी तिसरं उत्तर मांडलं. झाडाच्या प्रथिनांमधून सिनमेथिलिनला नेमकं कोण चिकटतं ते गळ टाकून मासा धरावा तसं वेगळं काढलं, आणि स्फटिक करून ते प्रथिनात कुठे बसतं हेही दाखवलं. निघालं फॅटी ॲसिड थायोएस्टरेज. हे एन्झाइम बंद पडलं की हरितलवकात बनलेली मेदाम्लं बाहेर येत नाहीत, नवी पटलं बनत नाहीत, कोंब वाढत नाही.

तिसऱ्या उत्तराचा शेतीला थेट उपयोग झाला. हे लक्ष्य बाजारातल्या इतर तणनाशकांपेक्षा वेगळं. त्यामुळे जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या रायग्राससाठी हाच जुना रेणू २०१९-२०च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या शेतीत नव्याने उतरला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं औषध, पण ते कशामुळे मारतं हे कळल्यावर त्याची किंमत बदलली.

मग विषय घ्यायचा की नाही?

जरूर घ्या. फक्त तीनपैकी कुठला प्रश्न आपण विचारतोय ते पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवा.

पहिला प्रश्न घेतला असेल, तर तो नीट विचारा. तेल पाण्यात मिसळायला ट्वीन किंवा दुसरं काही वापरलंत तर नुसत्या पाण्याचा कंट्रोल पुरत नाही, तेवढंच ट्वीन घातलेलाही हवा. वाफेचा परिणाम आणि स्पर्शाचा परिणाम वेगळा मोजा. तणाच्या बियांशेजारी ज्वारी-गव्हाच्याही बिया ठेवा. दोन्ही सारख्याच मेल्या तर ती माहितीसुद्धा मोलाची आहे. तेलाचे घटक ओळखा आणि मुख्य घटक एकेकटे तपासा. मात्रा डिशच्या हवेच्या आणि कागदाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात लिहा, म्हणजे दुसऱ्याला तुलना करता येईल.

दुसरा प्रश्न घेतला असेल, तर डिशमधून कुंडीत आणि कुंडीतून वाफ्यात या. मातीचे कण तेल शोषतात, जीवाणू ते खातात, ऊन ते उडवतं. आणि तुमच्या कारणाखेरीज आणखी कुठल्या कारणाने हेच दिसलं असतं, याची यादी करून त्यातलं एक तरी कारण वगळणारा प्रयोग आखा. बार्थोलोम्यू यांच्या जाळीला फार पैसे लागले नव्हते.

तिसरा प्रश्न मोठ्या प्रयोगशाळेचा आहे. एकट्याने एम.एस्सी.च्या वर्षात त्यात उडी मारू नका. पण 'क्रियापद्धती' या मथळ्याखाली हरितद्रव्य घटलं एवढंच लिहून मोकळंही होऊ नका. मरणाऱ्या झाडात हरितद्रव्य घटतंच. ते लक्षण आहे.

आणि शेवटचं ते ठरलेलं वाक्य लिहायचंच असेल, तर त्यात कुठे, किती मात्रेत, कुठल्या तणावर आणि किती दिवसांसाठी हे चार शब्द घाला. वाक्य लांबेल आणि जरा कमी भारदस्त दिसेल. पण पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते त्यातून कळेल.